यमुताईंची उंची

नागपूर, २० ऑगस्ट १९७९

गुरुवर्य शिरखेडकर सर,
पुष्पलता निखारेचा नमस्कार.

आज प्राचार्यांनी बोलावून तुमची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. 'भूशास्त्र विभागाच्या कपाटातील माझ्या मालकीच्या रंगीत स्लाइड्स दिवाळीपूर्वी परत मिळाव्यात.' खाली सही. मी तुमची विद्यार्थिनी, नंतर तुमच्याच विभागात नोकरीला लागले, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमच्या खुर्चीवर बसले, आणि माझ्याकडची वस्तू मागायला तुम्हाला प्राचार्य लागले. मला राग आला, सर. खोटं कशाला सांगू? घरी येऊन चहा घेतला, तेव्हा कुठे लिहायला बसता आलं.

सावनेरला पुतण्याकडे राहायला गेल्यापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत, म्हणून त्या स्लाइड्सचं मी काय करते ते आधी सांगते. मी त्यांची सहल करते. खोलीतली.

हसू नका. पहिल्या वर्षाला यंदा सतरा मुली आहेत. मुलं दरसाल दोन दिवस देवलापारकडे जाऊन येतात, दगड फोडतात, ढाब्यावर जेवतात आणि क्षेत्रकार्याचे पंचवीस गुण घेतात. मुलींना रात्री बाहेर राहायची परवानगी नाही. सोबत कुणी पोक्त, संसारी बाई असेल तरच, असा नियम आहे. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे एकोणचाळीस वर्षांची असूनही मी सोबतीत मोजली जात नाही. मग मुलींना पंचविसापैकी शून्य मिळतं आणि पुढच्या वर्षी त्या वनस्पतिशास्त्राला निघून जातात.

म्हणून मी बाकं एसटीसारखी दोन-दोन लावते. खिडक्यांना काळे पडदे लावते. टेपरेकॉर्डरवर बसची घंटा आहे, नाल्याच्या पाण्याचा आवाज आहे, आणि गोट्यांवरून चालणारी पावलं आहेत. ती पावलं माझी. कॉलेजच्या मागं बांधकामाची गिट्टी पडली होती, तिच्यावर मी बूट घालून फिरले आणि आपला शिपाई चंपतराव माइक धरून माझ्यामागं वाकून चालला. ग्रंथपाल खिडकीतून बघत होते. त्यांना काय वाटलं असेल ते असो. भिंतीवर तुमची स्लाइड लागते आणि त्याच जागेचा दगड बाकाबाकावरून हातोहात फिरतो. मी काही सांगत नाही. उत्तर दिशा कुठे, थर कुणीकडे कललेत, जाडी किती, सगळं त्यांनी पाहून वहीत काढायचं.

जानेवारीत विद्यापीठाची समिती येणार आहे. त्यांना ही सहल पटली तर मुलींना पंचवीस गुण मिळायला लागतील. आणि माझी सगळी सहल तुमच्या स्लाइड्सवर उभी आहे. नाल्याजवळची ती मोठी दरड आता जाग्यावर नाही. रस्ता रुंद करताना सुरुंग लावून उडवली. नवे फोटो काढायचे म्हटलं तरी कशाचे काढू?

स्लाइड्स एवढं वर्ष राहू द्याव्यात, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी,
पुष्पलता


नागपूर, १५ सप्टेंबर १९७९

गुरुवर्य सर,

तुमचं उत्तर नाही. उत्तराऐवजी तुमचे पुतणे देवराव आले. बिचारे दारातच उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. म्हणाले, "मॅडम, काकाजी लय तापून राहिले. म्हणते, माझी बायको का मोजपट्टी आहे?"

तेव्हा मला उलगडा झाला. आमच्या वर्गात सावनेरची एक मुलगी आहे, देवरावांच्या शेजारची. तिनं घरी सांगितलं असणार, की आज आम्ही दीड यमुताईचा थर मोजला.

हो सर, आमच्या वर्गात ते माप आहे. फोटोत दगडाशेजारी काहीतरी ओळखीचं ठेवावं, म्हणजे दगड केवढा ते कळतं, हे तुम्हीच शिकवलंत. बाकीचे लोक हातोडी ठेवतात, पेन ठेवतात. तुम्ही यमुताईंना उभं करत होतात. करड्या दगडावर उठून दिसावं म्हणून त्यांना विटकरी पातळ नेसायला लावत होतात. 'जरा डावीकडे, आणखी डावीकडे, हं, श्वास घेऊ नकोस,' असं कोण ओरडायचं? मुली त्यांना पाच फूट धरतात आणि हिशेब करतात. 'हा थर पाऊण यमुताई, तो सव्वा.' त्यात थट्टा नाही. ज्या बाईला त्यांनी कधी पाहिलं नाही तिचं नाव त्या रोज घेतात, यात तुमचा अपमान कुठे झाला ते मला खरंच कळलं नाही.

आणि यमुताई एकट्या तुमच्या नव्हत्या, हेही आज लिहून टाकते.

एकोणीसशे बासष्टमध्ये माझी पहिली सहल होती. आम्ही कोष्टी. गोळीबार चौकात आमच्या घरात तेव्हा दोन माग चालायचे. माझ्या वडलांना आम्ही भैय्याजी म्हणायचो. त्यांनी सहलीचं नाव काढताच धोटा थांबवला आणि म्हणाले, "पोरगी रातभर बाहेर? काहून? दगडं इथं नाही का?" संपलं. मी रडले, जेवले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यमुताई सायकल रिक्षा करून आमच्या घरी आल्या. बसायला पाट दिला तर नको म्हणाल्या आणि मागाशेजारी जमिनीवरच बसल्या. तुमची भाषा पुस्तकी, पण त्या काटोलकडच्या.

"भैय्याजी, पोरगी माझ्यापाशी झोपन. तिले काई झालं तं मले धरजा."

भैय्याजी म्हणाले, "तुमाले कुठं धरू बाई, तुम्ही मोठे लोकं."

"मी का मोठी? मले बी तिथं दगडापाशी उभंच करते आमचे हे. दोघी मिळून उभ्या राहू."

भैय्याजी हसले. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं. मी सहलीला गेले, आणि आज जे काही आहे ते त्या होकारामुळं आहे. माझ्या आधी आणि माझ्यानंतर अशा किती घरी यमुताई जाऊन बसल्या असतील ते तुम्हाला माहीत आहे. त्या गेल्या आणि मुलींच्या सहली बंद झाल्या. मी त्यांना भिंतीवर का होईना, पुन्हा सोबतीला नेते आहे, असं मला वाटत होतं. तुम्हाला ते मोजपट्टी वाटलं.

जरा जास्त बोलले असेन. पण खोडणार नाही.

पुष्पलता


नागपूर, ९ ऑक्टोबर १९७९

गुरुवर्य सर,

हे पत्र लिहू नये असं सगळ्यांनी सांगितलं. तुमच्या हातात आयतं कोलीत मिळेल म्हणाले. पण दगडाच्या बाबतीत तुमच्याशी लपवाछपवी करणं मला जमत नाही.

शनिवारी खोलीतली सहल होती. दरडीची स्लाइड लावली. तुम्ही उत्तरेकडे तोंड करून काढलेली, यमुताई डाव्या कोपऱ्यात. सगळ्या जणी थर काढत होत्या. तेवढ्यात वच्छला हेडाऊ, आमच्याच मोहल्ल्यातली, अंधारातून म्हणाली, "मॅडम, ह्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर काहून आहे वं?"

मैत्रिणी-मैत्रिणींत चालणारं ते 'वं' तिच्या तोंडून सवयीनं गेलं, मग तिनं जीभ चावली. मी म्हटलं, थर बघ, पदर नंतर बघ. मागून कुणीतरी म्हणालं, "मारवाडी असन ती." त्यावर सुराणांची चंदा उठून उभी राहिली. तिचे वडील गुलाबचंद सुराणा, इतवारीत कापडाचे व्यापारी. ती म्हणाली, "हमारे में सीधा पल्ला रहता है मॅडम. उजव्या खांद्यावरून पुढे येतो. या बाईंचा पुढून मागे गेलाय. असा कोणीच नाही घेत."

 मराठी बाई म्हणावी तर खांदा चुकला, मारवाडी म्हणावी तर पदराची दिशा चुकली. मला कळलं होतं. पण मी त्यांनाच विचारलं, मग काय झालं असेल? वच्छला म्हणाली, "बाई बरोबर आहे. फोटो उलटा आहे."

फोटो उलटाच होता, सर. तुमच्या पुठ्ठ्याच्या चौकटींना बुरशी लागली होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी सगळ्या स्लाइड्स नव्या चौकटींत बसवल्या. त्यातली ही एक मी उलटी बसवली. चकचकीत बाजू कुठे असावी ते मला माहीत आहे, तरी चुकलं. त्या दरडीत थर पश्चिमेला कलतात, आणि दोन वर्षं माझ्या मुली ते पूर्वेला काढत होत्या. पलीकडच्या टेकडीचे थर बरोबर दिसत असल्यामुळं नकाशात दोन्ही जुळवताना त्या मधे एक मोठी घडी काढायच्या. सुरेख काढायच्या. मी त्यांना गुण दिले. पृथ्वीनं तिथं घडी कधी घातलीच नव्हती.

आदल्या दोन वर्षांच्या मुलींना मी निरोप धाडले आहेत, की येऊन नकाशे दुरुस्त करून घ्या. अर्ध्याअधिक जणींची लग्नं झाली. एकीचा नवरा निरोप वाचून म्हणाला म्हणे, ही काय भानगड, कोणती घडी?

समितीसमोर हे सांगायचं की नाही, ते मी ठरवलं आहे. सांगायचं. खोलीत बसलेल्या मुली भिंतीवरच्या चित्रावर विश्वास ठेवतात, त्यांना डोळे वापरता येत नाहीत, हाच तर आक्षेप आहे ना? तुमचाही तोच होता. 'दगड पायाखाली यावा लागतो,' असं तुम्ही म्हणायचात. पण सर, देवलापारला उन्हात उभ्या असलेल्या आमच्या वर्गातल्या किती जणांनी एवढं पाहिलं असतं? मी पाहिलं नसतं. मी दोन वर्षं पाहिलंच नाही.

पुष्पलता


नागपूर, १७ ऑक्टोबर १९७९

गुरुवर्य सर,

दिवाळी तोंडावर आली. देवरावांच्या हाती स्लाइड्स पाठवते आहे. सगळ्या आहेत. चौकटी नव्या आहेत आणि सगळ्या सुलट बसवल्या आहेत, दोन-दोनदा पाहून.

प्राचार्य म्हणत होते, वर्षभर ठेवून घ्या, म्हातारा काय कोर्टात जातो की काय? मला ते पटलं नाही. वस्तू तुमची, माणूस तुमचं. तुमच्या मनाविरुद्ध यमुताईंना मी अंधाऱ्या खोलीत उभं करणार नाही. भैय्याजींपुढं त्या माझ्यासाठी बसल्या होत्या, तेव्हा त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. आपणहून आल्या होत्या. तुम्हीही पाठवलंत तरच त्या इथं असाव्यात.

समितीसाठी मी दगड, नकाशे आणि माझं तोंड एवढ्यावर भागवीन. भागेलसं वाटत नाही. मुलींना मी अजून सांगितलेलं नाही.

एकच विचारायचं आहे, ते मुलींचं म्हणून विचारते. पदराचं कळल्यापासून त्यांना कशाचीच खात्री वाटेनाशी झाली आहे. आता त्या विचारतात, यमुताई पाच फूट कशावरून? मी अंदाजानं धरलं होतं. खरी उंची कळवलीत तर निदान जुनी गणितं तरी दुरुस्त होतील. नाही कळवलीत तरी तक्रार नाही.

दिवाळीचा नमस्कार.

पुष्पलता


सावनेर, ३ डिसेंबर १९७९

चि. पुष्पलता,
आशीर्वाद.

तुझी चारही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण द्यायचं नव्हतं.

यमुनेची उंची चार फूट अकरा इंच. पण तेवढी धरू नकोस, चुकेल. फोटो काढताना ती टाचा उचलायची. दगडापुढे बुटकी दिसते म्हणायची. मी कॅमेऱ्यामागून ओरडायचो, टाचा खाली. ती म्हणायची, "काढा आता लवकर, पाय दुखून राहिले." पातळाचा घोळ जमिनीपर्यंत असल्यामुळं फोटोत ते कळत नाही. मला माहीत आहे. म्हणून पाच फूट एक इंच धर. मुलींचे सगळे थर किंचित वाढतील. फक्त शेवटच्या सहलीतला फोटो वेगळा आहे, संगमरवराच्या पांढऱ्या पट्ट्याजवळचा. त्या वर्षी तिचे गुडघे गेले होते. त्यात टाचा टेकलेल्या आहेत.

पदर ज्या मुलीनं पाहिला तिला माझ्यातर्फे शाबासकी दे. आणि जी म्हणाली की असा कुणीच घेत नाही, तिला जास्त दे.

स्लाइड्स देवरावबरोबर परत पाठवतो आहे. का मागवल्या होत्या तेही लिहितो, नाहीतर तू मनात काहीबाही धरून बसशील. घरात तिचा दुसरा फोटो नाही. लग्नातला एक होता, तो वाळवीनं खाल्ला. सगळा जन्म कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि मी दगडांचे फोटो काढले. ती त्यात आली ती मापासाठी. शेजारची मुलगी सांगत आली की कॉलेजात यमुताई दिसतात, तेव्हा मला फार राग आला. तुमच्या त्या सतरा मुलींना दिसते आणि मला दिसत नाही, याचा राग. बोलताना दुसरंच बोललो. मोजपट्टी ते सगळं.

दिवाळीत एकेक स्लाइड खिडकीशी धरून पाहिली. नखाएवढी दिसते. चष्मा लावला, भिंग लावलं. पातळाचा रंग कळतो, चेहरा कळत नाही. माझ्यापाशी प्रोजेक्टर नाही आणि सावनेरात कुणापाशी असेल असं वाटत नाही.

समितीला घाबरू नकोस. चूक आपण होऊन सांग.

तुझ्या भिंतीवर ती केवढी दिसते?

श्रीधर शिरखेडकर


नागपूर, १२ जानेवारी १९८०

गुरुवर्य सर,

समिती सोमवारी येऊन गेली. तिघे होते. उलट्या स्लाइडची हकिकत मी आधीच सांगून टाकली. एक जण म्हणाले, म्हणजे तुमच्या पद्धतीत चुका होतात तर. मी म्हटलं, होतात, आणि त्या सापडतात. मग त्यांनी स्वतः एक स्लाइड निवडून वच्छलाला उभं केलं आणि जाडी विचारली. ती म्हणाली, "पाऊण यमुताई, म्हणजे तीन फूट पावणेदहा इंच, टाचा धरून." ते म्हणाले, टाचा धरून म्हणजे काय? तिनं सांगितलं. त्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. पंचवीस गुण यंदापासून मुलींना मिळणार. लेखी पत्र यायचं आहे, पण तोंडी कळलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं, सगळं नाही, उंचीचं आणि शेवटची ओळ. केवढी दिसते हे मला सांगता येईना. आमच्या पडद्यावर त्या वीतभर दिसत होत्या, फार तर दीड वीत. मुलींना ते पुरेना. चंदा म्हणाली, मॅडम, प्रोजेक्टर मागे न्या, चित्र मोठं होईल.

पडदा काढून टाकला. समोरची भिंत चंपतरावानं चुना मारून पांढरी केली होतीच. शेवटच्या सहलीतली स्लाइड लावली आणि प्रोजेक्टर मागे न्यायला लागलो. बाकं सरकवली. खोली संपली. मग दार उघडून स्टूल व्हरांड्यात नेलं, वायरला वायर जोडली, आणि दाराभोवती उजेड येऊ नये म्हणून चार मुली चादरी धरून उभ्या राहिल्या. बाजूनं जाणारी मुलं विचारत होती, इथं काय चालून राहिलं?  वच्छला भिंतीशी टेप धरून ओरडत होती, "अजून मागं! अजून! बस, एक इंच पुढं!"

जमिनीला टाचा टेकलेल्या, आणि डोकं चार फूट अकरा इंचांवर. आम्ही तिथं थांबलो. चित्र जरा फिकं झालं आहे, पण चेहरा कळतो. कपाळावरच्या आठीपर्यंत कळतो. त्यांना उन्हाचा त्रास होत असावा आणि तुमचा थोडा राग आलेला असावा.  मुलींतली सावनेरची म्हणाली, "आपल्यापेक्षा लहान आहे वं." मी तेव्हा खोलीबाहेर गेले, कारण मला रडू आलं. मुलींसमोर नको वाटलं.

स्टुलाच्या पायांच्या खुणा व्हरांड्यात खडूनं करून ठेवल्या आहेत. गुरुवारी, सतरा तारखेला दुपारी तीनला वर्ग आहे. देवरावांना म्हणावं, सकाळच्या एसटीनं घेऊन या, परत सोडायचं मी बघते. मी तुमची ओळख करून देणार नाही, दिवाही लावणार नाही. बल्ब तापतो म्हणून एक स्लाइड फार वेळ ठेवू नये, पण ती ठेवीन. बल्ब गेला तर दुसरा आणीन.

मागच्या बाकावर जागा आहे. पण तिथं बसलं पाहिजे असं काही नाही. भिंतीपाशी जाऊन उभं राहायचं असेल तर राहा. तुमची सावली चित्रावर पडेल. पडू दे, सर.

तुमची,
पुष्पलता